सशाची ओटी

अंधेरी (पूर्व), ३ ऑगस्ट १९८६

ताई,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. तीन वर्षं ज्याने साधं पोस्टकार्ड टाकलं नाही त्याने एकदम तीर्थरूप म्हटलं की भावोजी ते मोठ्याने वाचून दाखवणार आणि तू पदर तोंडाला लावणार. म्हणून नुसतं ताई.

मी बरा आहे. दुकान चालू आहे. मासे आणि लव्हबर्ड्स, एवढंच ठेवतो. ससे ठेवत नाही. तू विचारलेलं नाहीस, पण आधी तेच सांगावंसं वाटलं.

पत्राला कारण तुझा कागद. परवा मरोळच्या एका कारखान्यातले फिटर दुकानात आले, दादू त्यांचं नाव. हातात घडी घातलेला सायक्लोस्टाइल कागद. लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यापुढे उभे राहून सरळ वाचायलाच लागले. ‘‘पिल्लू किती दिवसांचं आहे? आपलं आपण खातं का? त्याची आई बघायला मिळेल का? आजवर काय खात होतं?’’ मी म्हटलं, अहो, ही काय पोलीस चौकी आहे का? तर म्हणाले, ‘‘दहिसरच्या बाईंनी दिलाय. त्यांच्याकडे ससा मागायला गेलो होतो. घरी दिवसभर कोण असतं, म्हणाल्या. म्हटलं कोणीच नाही, मी आणि मिसेस दोघं ड्युटीला. तर म्हणाल्या, मग ससा नको. पक्ष्यांची जोडी बघा, त्यांना एकमेकांची सोबत होते. पण कुठेही घ्या, हे विचारून घ्या. नाही म्हणाल्या, पण चहा पाजला हो!’’

कागद हातात घेतला तर भावोजींचं तिरकं अक्षर. पुढच्या बाजूला विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न, मागच्या बाजूला घेणाऱ्याला. दुकान टाकून मला सात वर्षं झाली, आणि त्यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला आलं नाही. शेवटी मी त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

हा कागद कुणामुळे निघाला ते मला कुणी सांगायला नको. त्र्याऐंशीत दिवाळीच्या तोंडावर तू सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला मालवणला गेलीस आणि तुझ्या राखी, चिंचिला जातीच्या सशांचे पिंजरे आठ दिवस माझ्यावर सोपवलेस. निघताना बजावलंस, ‘‘आवशीचा दूध सुटल्याशिवाय पिल्लू हलवूचा नाय. छप्पन्न दिवस.’’ कॅलेंडरवर खुणासुद्धा करून गेलीस. मी सव्विसाव्या दिवशी पाच पिल्लं उचलून दुकानात आणली. मुठीत मावणारं पिल्लू हातोहात जातं, मोठं झालं की गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही, हा आमच्या धंद्यातला शहाणपणा. एका दुपारी पाचही गेली. पिल्लू निघताना तू त्याच्याबरोबर जुन्या घरचं खाणं बांधून देतेस, भावोजी ज्याला सशाची ओटी म्हणून हसतात, तेसुद्धा मी दिलं नाही. लोकांना सांगितलं, दूध-पोळी घाला. आठवड्याभरात पाचही मेली. लोक भांडायला आले तेव्हा मी हात झटकले आणि म्हणालो, दहिसरचा मालच रोगट.

ते तुझ्या कानावर गेलं आणि तू मला दार बंद केलंस, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे तू दारबिर काही बंद केलं नाहीस. मीच त्या भाऊबीजेला आलो नाही. नंतरच्या दोन्हींनाही आलो नाही.

आता मागणं. मागतोय म्हणून लाज वाटतेय, पण लाजेपेक्षा मोठं काम आहे. त्या पाचांतलं एक पिल्लू इथल्याच एका मुलीकडे गेलं होतं, मृणालिनी तिचं नाव. तेव्हा सहा वर्षांची, आता नऊची. शाळेतून येताना रोज दुकानाच्या काचेबाहेर उभी राहून मासे बघते. आत येत नाही. परवा मी म्हटलं, ये गं, माशांना खाणं घाल. तर दोन्ही हात पाठीमागे नेऊन म्हणाली, ‘‘नको काका. माझ्या हाताने मरतात.’’

ताई, तिला तुझ्याकडचं एक पिल्लू दे. माझ्याकडे बघून नको देऊस, तिच्याकडे बघून दे. आणि त्या कागदाबद्दल तुझे फार आभार. मला तो तीन वर्षं आधी हवा होता, पण तेव्हा तू तो तोंडाने सांगितलाच होतास.

तुझा
नंदू

अंधेरी, १७ ऑगस्ट १९८६

ताई,

तुझं पाकीट मिळालं. उघडून उलटं केलं, झटकलं, उजेडाला धरलं. आत फक्त तोच कागद. ना बरं, ना वाईट, ना ‘नंदू’. सख्ख्या भावाला गिऱ्हाइकाचा फॉर्म पाठवणारी बहीण अख्ख्या दहिसरमध्ये तूच. तरी खरं सांगू? पाकिटावर तू माझं नाव लिहिलंस, तेवढ्यावरही माझं पोट भरलं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तू एकवीसची. कुळथाच्या पिठीवर आणि भातावर तू मला वाढवलंस, कधी बोलून दाखवलं नाहीस. तुझ्याकडे शब्द कमीच असतात, हे मी विसरलो होतो.

तर घे उत्तरं. घरात दिवसभर कोण असतं? आई असते, नलिनीबाई, घरीच शिवणकाम करतात. वडील मार्तंडराव, बँकेत. मांजर आहे का? नाही. पिंजरा कुठे ठेवणार? गॅलरीत. (यावर तू रागावशील, दुपारचं ऊन येतं. मग बाहेरच्या खोलीत.) गावी गेलात तर ससा कुणाकडे? शेजारी. सहा-सात वर्षं सांभाळायची तयारी आहे का? आहे. जोडी हवी का? नको, एकच. दुकानात मी सर्रास नर-मादी जोडी गळ्यात मारायचो आणि चार महिन्यांनी लोक खोकं भरून पिल्लं परत आणायचे, तेव्हा मी ओळख दाखवायचो नाही. ते कुठल्या प्रश्नात बसत नाही, पण लिहून टाकतो.

‘सशाला आंघोळ घालणार का? तेल नाही, उटणं नाही, पाणी नाही. सणालासुद्धा नाही.’ या ओळीवर माझं पेन थांबलं. हे तुला कुणी सांगितलं? मी तर नाही. त्या पाच गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी दहिसरपर्यंत येऊन तुला बोलून गेलं असणार आणि तू ऐकून घेतलं असणार. त्या मुलीने घातली होती, ताई. नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या सगळ्यांना उटणं लागलं. आंघोळ केली नाही तर नरकात जातात म्हणे, मग ससा बिचारा का जावा? म्हणून तिने त्यालाही तेल-उटणं लावून तांब्याभर कोमट पाणी घातलं. पणतीजवळ ठेवून फ्रॉकने पुसलं. संध्याकाळी ते गेलं.

सगळ्यात खाली तू छापलं आहेस, ‘नाही जमलं तर परत आणा. कारण विचारणार नाही.’ असं दुकानदार कधी लिहीत नाही. तू दुकानदार नाहीस, म्हणूनच लोक तुझा कागद जपून ठेवतात.

उत्तराची वाट बघतोय.

नंदू

अंधेरी, १४ सप्टेंबर १९८६

ताई,

माझा कागद तू परत पाठवलास. वर लाल शाईने एकच ओळ: ‘ज्यांस पिल्लू हवे त्यांनी उत्तरे द्यावीत. तू ते घर बघितलेस काय?’

पकडलंस. मी त्यांच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. गॅलरी खालून रस्त्यावरून बघितली आणि बाकीचं ठोकून दिलं. नलिनीबाई शिवण करतात हे शिंप्याकडून कळलं. शेजाऱ्यांची तर मी साफ थाप मारली.

का गेलो नाही, ते सांगायला हे चौथं इनलँड लेटर. आधीची तीन फाडली. मागच्या पत्रात मी आंघोळीपर्यंत आलो आणि थांबलो. पुढचं असं आहे.

पाडव्याच्या दिवशी नलिनीबाई मुलीला घेऊन दुकानात आल्या. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात पिल्लू, वर झेंडूचं फूल. बाई शांतपणे विचारत होत्या की काय चुकलं. दुकानात इतर गिऱ्हाइकं होती. तेवढ्यात ती पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘काका, मी आंघोळ घातली म्हणून मेलं का?’’ मी काय म्हणालो असेन? सव्वीस दिवसांचं होतं, आईच्या दुधावर होतं, आंघोळ घातली नसती तरी जगलं नसतं, बाकीची चार कोरडीच मेली. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. मी म्हणालो, ‘‘मग काय! सशाला कोणी पाणी लावतं का? तूच मारलंस की त्याला.’’ आणि हसलो. गिऱ्हाइकंही हसली. तिने डब्याचं झाकण लावलं.

तुझ्या सशांना रोगट म्हणालो ते वाईटच होतं, पण तू मोठी आहेस, तुला खरं काय ते माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. माझं नाव राखायला मी सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ते ठेवलं आणि तीन वर्षं ती ते वाहतेय, रोज माझ्याच काचेसमोर उभी राहून. म्हणून भाऊबीजेला आलो नाही, ताई. तू ओवाळताना तोंडाकडे बघतेस.

आता तू पिल्लू देणार नसशील तर ते बरोबरच आहे. पण तुझी लाल ओळ वाचून एक कळलं. पिल्लू मागण्याआधी मला त्या घरी जावं लागेल. उद्या जातो.

नंदू

अंधेरी, १९ ऑक्टोबर १९८६

ताई,

गेलो होतो. मार्तंडरावांनी दार उघडलं, मृणाल आतल्या खोलीत पाढे म्हणत होती. मी खुर्चीवर बसलो नाही. तिला बोलवायला सांगितलं आणि तिच्यासमोर सगळं सांगितलं. पिल्लू फार लहान होतं, ते मी आईपासून तोडलं, तुम्हाला काही सांगितलं नाही, आणि तुझी चूक नसताना तुझ्यावर ढकललं. तुझ्या हाताने काही मेलं नाही. माझ्या हाताने मेलं.

मार्तंडराव उठून उभे राहिले. मला वाटलं आता मार मिळणार. पण ते नुसतेच खिडकीशी जाऊन उभे राहिले. नलिनीबाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘तीन वर्षं ही शेजारच्या बाळाला मांडीवर घेत नाही हो.’’ मृणाल माझ्याकडे बघत राहिली आणि परत पाढे म्हणायला गेली. सतराचा चुकली, ते मला बाहेर ऐकू आलं.

मग तुझा कागद त्यांना दिला, उत्तरं त्यांनीच लिहून तुला पाठवली. पुढचं तुझं तुला माहीत आहे, पण मला जे नलिनीबाईंकडून कळलं ते तुला सांगू दे, कारण सांगताना बरं वाटतं. तू त्यांच्या घरी जाऊन आलीस. स्थळ बघायला गेल्यासारखी सगळं घर फिरलीस, विजेच्या वायरी वर उचलून बांधायला लावल्यास, गॅलरी नापास केलीस, शिवणाच्या मशीनजवळचा कोपरा पास केलास. मार्तंडराव गमतीने म्हणाले, ‘‘अहो बाई, ससा देताय की मुलगी?’’ तर तू म्हणालीस, ‘‘मुलीला बोलता येतं.’’ मार्तंडराव हे बँकेत सगळ्यांना सांगत सुटलेत. जाताना तू माझ्या दुकानावरून गेलीस. मी मागच्या बाजूला टाकी धूत होतो, शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. आत आली नाहीस. ठीक आहे, तुझं काम माझ्याकडे नव्हतं.

आणि मग दसऱ्याला ते तिघं दहिसरला आले, पिल्लांची आई बघायला. तू मृणालला जमिनीवर बसवलंस, तळहातावर हरळी ठेवलीस आणि म्हणालीस, ‘‘हात पुढे कर, धरू नको. त्याला यायचं असेल तर येईल.’’ ती म्हणे तासभर हलली नाही. नलिनीबाईंच्या पायाला मुंग्या आल्या, पण तिच्या नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती काचेशी थांबली नाही, दार ढकलून आत आली. पहिल्यांदा. म्हणाली, ‘‘काका, त्यातलं एक माझ्या हातावर बसलं. किती वेळ बसलं! मी त्याच्या केसांत फुंकर मारली तर आत रंगारंगाची वर्तुळं दिसली. आणि ते मेलं नाही.’’ मी म्हटलं, हो गं, मरत नसतं. मग तिने माशांना खाणं घातलं, जरा जास्तच घातलं, मी घालू दिलं. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो.

ताई, त्या तासाबद्दल तुझे आभार कसे मानू ते मला येत नाही. मी बिघडवलेलं तू निस्तरलंस, लहानपणी माझी शाळेची चड्डी शिवायचीस तसं, समोर न बोलता.

आता तुझं पोस्टकार्ड. ‘पिल्ले ३१ ऑगस्टची. २६ तारखेस छप्पन्न दिवस होतात. परंतु दिवाळीच्या फटाक्यांत नव्या घरी पाठवणार नाही. भाऊबीजेच्या दुपारी कोणीतरी येऊन न्यावे.’

‘कोणीतरी’ हा शब्द मी पंधरा वेळा वाचला. नलिनीबाई म्हणाल्या की आम्ही येतो. मी म्हटलं, नको, मी जातो. तू नाही म्हणणार असलीस तर आठवड्याच्या आत कळव. कळवलं नाहीस तर मी येणार.

नंदू

अंधेरी, ९ नोव्हेंबर १९८६

ताई,

पिल्लाची खबर आधी. पाचवा दिवस आहे, खातंय, लेंड्या गोल आणि कोरड्या आहेत (हे रोज बघून सांगायचं तू बजावलंस, म्हणून मार्तंडराव ऑफिसला जायच्या आधी वाकून बघतात). पहिले दोन दिवस कुणी त्याला उचललं नाही. मृणाल मशीनजवळ वही घेऊन बसते, ते तिच्या पायाशी येतं. ओटी तुझ्या सांगण्याप्रमाणे चाललीय, तुझ्याकडचं गवत आणि कोंडा जास्त, नवीन कमी, रोज थोडं बदलत. नाव ठेवलेलं नाही. बारसं बाराव्या दिवशीच होणार म्हणते, तुला आणि भावोजींना आवताण आहे. उटणं कुणी लावणार नाही, ती स्वतः सगळ्यांना दम देते.

तुझा कागद मी दुकानात काचेवर लावलाय, आतून नाही, बाहेरून वाचता येईल असा. लव्हबर्ड्स घ्यायला आलेल्या एका बाईंनी तो वाचला आणि न घेता गेल्या. चार दिवसांनी मोठा पिंजरा करून घेऊन आल्या. दादू फिटरनाही निरोप पाठवलाय, आता उत्तरं येतात म्हणून.

आता भाऊबीजेचं. येताना चेकनाक्यापासून तुझ्या घरापर्यंत मी काय काय बोलायचं ते घोकत आलो. नदीकडच्या वळणावर परत फिरणार होतो. दार उघडंच होतं. तू पिंजऱ्याशी वाकली होतीस, वर न बघता म्हणालीस, ‘‘इलंस? हात धू. सशाक हात लावूचो आसा.’’ भावोजी पेपरामागून म्हणाले, ‘‘साबणान धू रे, तीन वर्सांचो मळ आसा.’’ आणि तू त्यांच्याकडे असं बघितलंस की त्यांनी पेपर आणखी वर धरला.

बस, एवढंच. मी घोकलेलं सगळं तसंच राहिलं. मी वाट बघत होतो की आता विचारशील, का आला नाहीस, का तसं बोललास. पाटावर बसवलंस, ओवाळलंस, तोंडाकडे बघितलंस. पुढे केलेल्या भाताबरोबर पिठी होती. तू विचारलंस फक्त, ‘‘आजून वाढू?’’

परत येताना रिक्षात पिल्लाची टोपली मांडीवर होती. त्याच्याबरोबर तू दिलेला कागद वाचत होतो, आणि सगळ्यात खालच्या ओळीशी आलो. ‘नाही जमलं तर परत आणा. कारण विचारणार नाही.’ ऑगस्टमध्ये मी या ओळीचं कौतुक करून तुला लिहिलं होतं. ती सशांसाठी आहे असं मला वाटत होतं. जोगेश्वरी येईपर्यंत मी रडत होतो. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, ‘‘काय झालं साहेब, मेला काय ससा?’’ म्हटलं, नाही, चांगला आहे.

घरी आल्यावर पिशव्या सोडल्या. तू दोन दिल्या होत्यास, मला वाटलं दोन्ही त्याच्याच. एक मृणालकडे दिली. दुसरीत कुळथाचं पीठ होतं, आणि वर चिठ्ठी, सशाच्या पिशवीवर होती तशीच, भावोजींच्या तिरक्या अक्षरात: ‘जुन्या घरचे. आठवडाभर पुरेल.’

ताई, मी ते पाच दिवसांतच संपवलं. उद्या येतो.

तुझा
नंदू